दिग्रसकरांचा नकाशा

लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर
दिग्रसकर सायकलच्या वाटा काढतात.
हिरवी पेन्सिल : कोणीही यावं.
निळी : मांड्यांत थोडा दम हवा.
लाल : घरी सांगून निघा.

हिरवी बिलावली तलावाच्या बांधावरून जाते.
सपाट. उजव्या हाताला पाणी,
पाण्यात आपल्याच विचारात पाणकावळे.
एका जागी बांध निम्मा खचलाय,
तिथे बारीक अक्षरात लिहिलंय,
‘उतरा. लाज नाही.’
माझे पहिले चार महिने त्या एका ओळीवर गेले.

निळी रालामंडलच्या पायथ्याशी वळसा घेते,
लसणाच्या शेतांमधून,
बैलगाड्यांनी कोरलेल्या रस्त्याने.
चाकोरी सोडू नकोस, असं मला आयुष्यभर सांगण्यात आलं.
इथे शर्वाणी, वय वर्षं सोळा, मागून ओरडते,
‘काकू, चाकोरीत चाक गेलं की पडलात!
मधल्या उंचवट्यावर राहा, गवतावर!’
पडले.
दाताखाली काळी माती, नाकात लसूण,
आणि वर ती, हसू दाबत, चेन बसवून देणारी.
पाऊस झाला की दहा दिवस निळीवर जायचं नाही.
ती माती चाकाला धरते
जुनी उधारी वसूल करायला आल्यासारखी.

लाल मी अजून पुरी केलेली नाही.
सिमरोलच्या पुढे, चोरलच्या अंगाला उतरते ती,
सागाची पानं, पानांखाली सुटे धोंडे.
तिथे इफ्तिखार पुढे असतो,
एरवी दिवसभर पंक्चर काढणारा.
दोन बोटं ब्रेकवर, बूड सीटच्या पार मागे,
‘दगडाकडे मत देखो, बाजूच्या जागेकडे.
बघाल तिथेच जाल, भिया.’
उतारावर तो मलाही भियाच म्हणतो.

परवा पोह्यांवर जीरावन भुरभुरताना
मी दिग्रसकरांना म्हटलं,
तुमच्याकडे एक वाट नाहीच.
लोकमान्य नगरात, माझ्या फाटकापासून
पिठाच्या चक्कीपर्यंत.
दोनशे पावलं. चढ नाही, धोंडा नाही.
एक बाक आहे. बाकावर चौघं.
बावन्नाव्या वर्षी, पहिल्यांदाच पंजाबी ड्रेस घालून
मी ती पार केली तेव्हा
इतकी घामेजले की चोरल काय करील.
बोला, कोणता रंग?

त्यांनी खिशातून पेन्सिली काढल्या.
परत ठेवल्या.
‘प्रमिलाला विचारलं होतं मी,’ म्हणाले, ‘दोनदा.
ती म्हणाली, तलावापर्यंत काय हवेतून नेणार मला?’
मग जिलबी गार होईपर्यंत
आम्ही कोणी बोललो नाही.

आज रविवार, सव्वापाच.
प्रमिलाताई. ओढणीची गाठ कमरेला,
पायांत शर्वाणीचे बूट, एक नंबर मोठे,
पुढे कापूस कोंबलेला.
इफ्तिखारने सीट खाली केलीय,
इतकी, की दोन्ही पाय पुरते टेकतात.
मागून मी धरलंय.
दिग्रसकर विजेच्या खांबाआड उभे,
त्यांच्या मते लपलेले. पोट दिसतंय.

‘बाकाकडे बघू नका,’ मी सांगते.
त्या बाकाकडेच बघतात.
जातोही आम्ही बाकाकडेच,
मी पळत, त्या किंचाळत,
पुढचं चाक बाकाच्या पायावर ठक्क.

चक्कीचं शटर बंद. चौघं अजून झोपलेले असतील.
प्रमिलाताई उतरतात,
धापा टाकत बाकावर बसतात,
कडेला नाही, मधोमध,
आणि म्हणतात, थांबा जरा,
इथून कसं दिसतं ते बघू दे.